चंद्रव्वाच्या पायांवरचं बाळ

वळसंगात चंद्रव्वाशी भांडण झालं नाही असा माणूस शोधावा लागेल. माझं दोनदा झालं. तरी माझी दोन्ही पोरं तिच्याच पायांवर न्हाली, कारण बाळाला तेल चोळून न्हाऊ घालावं ते तिनंच. पाय पसरून बसायची, बाळ पायांवर घ्यायची आणि ते रडलं की कानडीत दटावायची, "अळबेड कंदा!" रडू नको म्हणून सांगताना बाळापेक्षा तिचाच आवाज गल्लीभर जायचा.

शेजारच्या दानेश्वरीचा गुरुशांत दीड महिन्याचा होता, तेव्हा त्याच्या डाव्या पोटरीत चंद्रव्वाच्या बोटांना गाठ लागली. "तेलानं विरंल की," ती म्हणाली. आम्हीही माना डोलावल्या. गाठ चोळून विरते, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ती रोज कोमट एरंडेल चोळत राहिली आणि गाठ लिंबाएवढी झाली.

मग सोलापूरचा दवाखाना. गाठीचा तुकडा काढून तपासला. तान्ह्या बाळांना क्वचितच होणारा, मांसातला कॅन्सर निघाला. पाय राहील की नाही, पोर तरी राहील की नाही, डॉक्टर छातीठोक सांगेनात. "चोळल्यानं हा होत नाही. पण गाठ कधी चोळू नये, लगेच दाखवावी," एवढं म्हणाले. चंद्रव्वानं त्यातलं शेवटचंच ऐकलं. त्यानंतर तिनं कुणाचंच बाळ पायांवर घेतलं नाही. बोलवायला कुणी आलं की दार लावून घेई. भांडायचीही थांबली. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

औषधांनी गाठ आक्रसली, उरलेली कापून काढली. पाय वाचला. वर्षभरानं दानेश्वरी गुरुशांतला घेऊन तिच्या दारात गेली. मी सोबत होते.

"अव्वा, ह्याला न्हाऊ घाला."

"न्हाय गं. हे हात चांगलं न्हाईत."

"मग कुणाकडं नेऊ?" म्हणत दानेश्वरीनं पोर बसलेल्या चंद्रव्वाच्या पायांवर ठेवलंच.

चंद्रव्वानं तेल लावलं, पण डाव्या पोटरीवरच्या लांब व्रणापाशी आली की हात उचलून घ्यायची. तोंडावर पाणी आलं तसा गुरुशांत चिडला, आणि त्याच डाव्या पायानं त्यानं तिच्या पोटात सणसणीत लाथ घातली.

चंद्रव्वा कळवळली. मग तो पाय दोन्ही हातांत घट्ट धरून रडतच ओरडली, पहिल्यासारखी, गल्लीभर ऐकू जाईल अशी:

"मारलं गं! दानेश्वरी, ह्याच पायानं मारलं!"