पाण्यावर निजणारी येसू

देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची एवढीशी पट्टी. विमला याच पट्टीवर जन्मली, इथेच वाढली आणि लग्न होऊन गेली ती चार माड पलीकडच्या घरात. त्यामुळे पाणी तिला कधी वेगळं असं दिसलंच नाही. जसं अंगण, तसं पाणी.

यशोदा डोंगराकडची. कुडाळपलीकडे माणगाव खोऱ्यात तिच्या वडलांची भातशेती होती, काजूची बाग होती. नवी नवरी होऊन ती विमलाच्या शेजारी आली तेव्हा खाडीकडे पाठ करून बसायची. भरतीचं पाणी माडांच्या मुळांशी चुळचुळायला लागलं की मागचं दार ओढून घ्यायची. विमलाला गंमत वाटे. एकदा तिने विचारलंच, "ता पाणी काय खाता काय गो तुका?"

"तळ दिसणा नाय," यशोदा म्हणाली. "ज्येचो तळ दिसणा नाय, तेच्यात पाय कसो घालूचो?"

मग विमलाने तिला तळ दाखवला. खाडीला सुकती लागली, पाणी ओसरून वाळूचे पट्टे उघडे पडले की दोघी तिसऱ्या काढायला जात. ओल्या वाळूत बोटं खुपसायची, शिंपला लागला की उकरायचा. पहिल्या दिवशी घोटाभर पाण्यात यशोदाने विमलाचा हात असा धरला होता की बांगडीच वाढली. दुसऱ्या वर्षी ती गुडघाभर पाण्यात गेली. पुढे तिला मुलगी झाली, पूजा. ती रांगायला लागली, चालायला लागली. त्या सगळ्या काळात यशोदा वर्षाला वीतभर खोल जात राहिली. आणि एका दुपारी, भरती पूर्ण भरून थांबलेली असताना, तिने पदर कमरेला खोचला आणि पाण्यावर सरळ पाठ टाकली.

विमला धावली. पण यशोदा बुडत नव्हती. डोळे मिटून, हात पसरून ती पाण्यावर निजली होती. लुगड्याचा हिरवा रंग तिच्याभोवती पसरला होता आणि माडांच्या सावल्या तिच्या अंगावरून हळूहळू सरकत होत्या.

"येसू, ऊठ गो."

"गप ऱ्हव," ती डोळे न उघडता म्हणाली. "बाबांचा खळा दिसता माका. भात झोडतत."

तेव्हापासून तो तिचा रिवाजच झाला. कामं आटोपली, भरती सोयीची असली की यशोदा खाडीत जाऊन पाठ टाकायची आणि विमला तिच्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची. पाण्यावर पडल्या पडल्या यशोदाला काय काय दिसे. कधी माहेरची वाट दिसे, पण वाटेवर पाणी आणि पाण्यात मासे चाललेले. कधी मेलेली आजी काजू भाजताना दिसे. ते सगळं ती हलक्या आवाजात सांगत राही. विमलाला पोहायला येत होतं, होडी वल्हवता येत होती, पण पाण्यावर पडून असं काही दिसणं तिला कधी जमलं नाही. ती ऐकायची. कानात पाणी गेल्यावर येतो तसा यशोदाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटे. वाडीतल्या बायका हसत. दोघींनाही त्याचं काही वाटत नसे.

अशी वर्षं गेली. देवबागात पर्यटक यायला लागले, विमलाच्या नवऱ्याने, धनेशने, माणसं फिरवायला बोट घेतली. विमला घरी जेवणं करून द्यायला लागली आणि यशोदा तिच्याकडे वाटण वाटायला, भाकऱ्या थापायला येऊ लागली. हसणं-बोलणं चालूच होतं.

मग पन्नाशीनंतर कधीतरी यशोदा थकायला लागली. पाट्यावर बसली की मधेच थांबायची, भिंतीला टेकायची. ब्लाऊज सैल झाले. हिरवट फिक्या चेहऱ्याने ती सारखी मागच्या बाजूला जाऊन यायची. विमलाने विचारलं की म्हणायची, "मुळव्याध आसा. उष्णता झाली." मग कधी सोलकढी, कधी ताक, कधी भिजवलेला सब्जा. गणपती झाल्यावर डॉक्टरकडे जायचं ठरलं. गणपती झाले, तर पूजाचं लग्न जमलं. आता लग्न होऊ दे, मग जाते, असं ती म्हणाली आणि विमलालाही ते पटलं. घरात कार्य असताना स्वतःच्या पोटाचं कोण काढतं?

वैशाखात पूजाचं लग्न झालं. पाठवणीनंतर मांडव अजून उतरवायचा होता, तेव्हा यशोदाला उलट्या सुरू झाल्या आणि पोट मडक्यासारखं फुगलं. गाडी करून तिला गोव्याला नेलं. तिथे कळलं की मोठ्या आतड्यात गाठ आहे आणि तिने वाटच अडवली आहे. ऑपरेशन झालं. पण रोग त्याआधीच यकृतात पोचला होता.

इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात विमलाने डॉक्टरांना गाठलं. "वर्षभरात एवढं होतं काय हो?" असं तिने विचारलं. डॉक्टर वयस्क होते, थांबून बोलले. "बाई, हे आजचं नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी चामखिळीसारखा बारीकसा मोड येतो. तो दुखत नाही, खुपत नाही. कित्येक वर्षं तसाच असतो आणि त्यातला एखादा मग बिघडतो. वेळेत दिसला असता तर दुर्बिणीतूनच काढून टाकता आला असता."

विमला व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. माणसं समोरून येत-जात होती. तिला ती सगळी पाण्याखालून चालल्यासारखी दिसत होती.

औषधांवर यशोदाने तो पावसाळा काढला. आश्विनात खाडीचा गढूळपणा खाली बसला, पाणी निवळलं. एके दिवशी ऊन कोवळं असताना यशोदा म्हणाली, "विमल, माका पाण्यात ने गो."

ती उरली होती केवढीशी. विमलाने तिला जवळजवळ उचलूनच नेलं. पाण्यात मात्र तिचं वजन राहिलं नाही. विमलाने तिच्या पाठीखाली तळवा धरला आणि यशोदाने नेहमीसारखे डोळे मिटले. मासे पकडणारा एक बगळा पलीकडच्या वाळूवर एका पायावर उभा होता.

"काय दिसता गो?" विमलाने विचारलं.

"काय नाय. उजेड." मग थोड्या वेळाने यशोदा म्हणाली, "रगत पडता, ता माका वरसभर म्हायत होता."

विमलाने दुसराही तळवा तिच्या पाठीखाली घातला. "माका सांगूचा होता, येसू."

"लाज वाटली. परसाकडचा कोण कोणाक सांगता? घोवाक सुदीक नाय सांगलंय." तिने डोळे उघडले आणि मान वळवून विमलाकडे पाहिलं. "तू लाजा नको. तू जावन तपासून ये."

"जातंय."

"नुसता जातंय म्हणा नको."

कार्तिकात यशोदा गेली.

विमला मात्र तपासून घ्यायला लगेच गेली नाही. तिला कुठे काही दुखत नव्हतं, आणि दुखत नसताना डॉक्टरसमोर जाऊन काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. दुपारची जेवणं आटोपली की ती ओटीवर आडवी व्हायची आणि डोळा लागला की यशोदा यायची. खाडीत पाठमोरी उभी, वाकून वाळूत हात घातलेला. विमला विचारायची, काय शोधतंस? यशोदा मागे वळायची नाही. नुसतं विचारायची, गेललंस? विमला जागी व्हायची तेव्हा तोंड कोरडं पडलेलं असे आणि माडांमधून समुद्राचा आवाज येत असे. हे स्वप्न इतक्या वेळा पडलं की शेवटी तिने धनेशला सांगितलं, "मी उद्या कुडाळाक जातंय."

कुडाळच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. विमलाने पदर सावरून अडखळत शुद्ध मराठीत सुरुवात केली. "माझी मैत्रीण आतड्याच्या कॅन्सरने गेली. मला काही त्रास नाही. पण तिने सांगितलं होतं म्हणून आले."

"त्रास नाही तेव्हाच यायचं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पंचेचाळीस-पन्नाशीनंतर प्रत्येकाने. साधी सुरुवात शौचाच्या तपासणीने होते. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. त्यात काही निघालं तर मग दुर्बीण." त्यांनी एक झाकणाची छोटी डबी पुढे केली.

ती भरलेली डबी चार पिशव्यांत गुंडाळून विमला एसटीने पुन्हा कुडाळला निघाली. शेजारी एक बाई सुकटीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. सगळ्या गाडीत सुकटीचा वास भरला होता आणि विमला मात्र आपल्याच पिशवीवर दोन्ही हात दाबून, कोणी बघतंय का ते बघत बसली होती. मधेच तिला यशोदा आठवली आणि हसू आलं. शेजारची बाई म्हणाली, "काय झाला गो?" विमला म्हणाली, "काय नाय. मैत्रिणीची याद इली."

तपासणीत काही निघालं नाही. "आता दर वर्षी हीच तपासणी करायची," डॉक्टरबाई म्हणाल्या. विमलाला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी फार एकटंही वाटलं. ती उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या मैत्रिणीला सख्खी भावंडं आहेत का? मुलं?"

"मुलगी आहे. तिशीची पण नाही. आणि एक भाऊ आहे, आमच्याहून चार-पाच वर्षांनी लहान."

"मग त्यांना धोका तुमच्यापेक्षा जास्त. मुलीने चाळिशीला सुरुवात करायची. भावाने आत्ताच, आणि थेट दुर्बिणीचीच तपासणी करून घ्यायची. त्यांना कोणी सांगितलंय का?"

कोणी सांगितलं नव्हतं. विमलाने पूजाला फोनवर सांगितलं. ती ऐकून रडली, पण हो म्हणाली. भावाला, दत्तारामला, मात्र फोनवर सांगून भागणार नाही, हे विमलाला ठाऊक होतं.

दुसऱ्या आठवड्यात ती माणगाव खोऱ्यात गेली. यशोदाचं माहेर तिने आजवर फक्त तिच्या तोंडून पाहिलं होतं, पाण्यावर तरंगताना. आता तीच वाट पायाखाली होती, ओहोळ, वळण, तांबडी पायवाट. खळं दिसलं तेव्हा ती क्षणभर थांबली. नुकतंच भात झोडून झालं होतं आणि उन्हात धुळीचा सोनेरी धूर तरंगत होता.

दत्ताराम काजूच्या बागेत साफसफाई करत होता. त्याचं कपाळ हुबेहूब यशोदाचं. त्याने तिला पाणी दिलं, गूळ दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"माका काय झाला नाय, विमलताय," तो म्हणाला. "खातंय, पितंय, झाडार चढतंय."

"येसू पण भाकऱ्यो थापी होती."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "खालसून दुर्बीण घालतत म्हणे."

"घालतत. तुका निजवन घालतत. तुका कळाचा पण नाय."

"लोक हसतले."

"हसांदेत. तुझी भयण लाजली आणि गेली. मी तिका पाण्यात धरलेलंय, दत्ताराम. हाडा नुसती होती." तिने पदर तोंडाला लावला. दत्तारामने विळा खाली ठेवला आणि तो तिथेच पाचोळ्यात बसला. वाऱ्याने काजूची पानं खाली येत होती.

"कधी जावचा?" शेवटी त्याने विचारलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्याला फक्त पातळ पेज आणि पोट साफ करायचं ते खारट पाणी प्यायचं होतं. विमला मुद्दाम मुक्कामाला जाऊन राहिली आणि पेला संपेपर्यंत समोरून उठली नाही. सकाळी ती, दत्ताराम आणि त्याची बायको कुडाळच्या इस्पितळात गेली. तपासणीला फार वेळ लागला नाही. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "एक मोड होता, बऱ्यापैकी मोठा. काढून टाकलाय, तपासायला पाठवतो."

तो अहवाल येईपर्यंत विमलाला जेवण गेलं नाही. अहवाल आला तो असा, की पेशी बदलायला लागल्या होत्या पण कॅन्सर झालेला नव्हता. आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर सांगता आलं नसतं. आता तो नव्हता. ठरलेल्या मुदतीने पुन्हा दुर्बीण करायची, एवढंच उरलं.

दत्तारामने ते डॉक्टरांकडून दोनदा समजावून घेतलं. बाहेर आल्यावर कुडाळच्या स्टँडवर तिघांनी चहा घेतला. तो कपात बघत म्हणाला, "येसूताय आसती तर..." त्याच्या बायकोने त्याच्या हातातला कलंडणारा कप काढून घेतला.

"माझ्या वाडीतले चारजण आसत, पन्नाशीचे," तो जरा वेळाने म्हणाला. "मी सांगान तेंका. मी सांगलंय तर ऐकतले."

"सांग. नायतर माका बोलय. आमच्या बचत गटातल्या बायकांका पण मी सांगलंय. आदी हसल्यो, मगे सात जणी जावन इल्यो."

मालवणची गाडी लागली होती. विमलाला खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली, दत्ताराम आणि त्याची बायको मागे राहिली आणि संध्याकाळचं ऊन तिच्या मांडीवर येऊन पडलं. कित्येक दिवसांत तिला अशी झोप लागली नव्हती. डोक्याला खिडकीचे हादरे बसत होते, तरी तिला जाग आली नाही, ते स्वप्नही पडलं नाही. मालवणला गाडी रिकामी झाल्यावर कंडक्टरने हलवलं, तेव्हा ती दचकून उठली.

"खंय जावचा आसा, मावशी?" त्याने विचारलं.

"देवबागाक," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून पुढची गाडी कुठे लागते ते बघायला खाली उतरली.