शिडीच्या पाठीवरचे चार वण

कॅप्टन हॉइट टिलिस यांचा शेवटचा फेरा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरला होता, आणि शिडी अजून आली नव्हती. गुडघे कामातून गेले होते, डॉक्टरांनी होडी बंद म्हणून सांगितलं होतं. त्याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. पण शिडी न दिसताच हंगाम संपणार या विचाराने त्यांना जेवण जात नव्हतं.

शिडी म्हणजे एक म्हातारी मॅनटी. समुद्र गारठला की या पाणगाई आमच्या क्रिस्टल रिव्हरमधल्या झऱ्यांच्या कोमट पाण्यात येतात आणि थंडी ओसरेपर्यंत राहतात. तिच्या पाठीवर एकाखाली एक असे चार आडवे वण आहेत, होडीच्या इंजिनाच्या पंख्याचे. म्हणून शिडी. नाव मीच ठेवलं. मी मर्ना, अकरा हिवाळे त्यांच्या होडीवरून पर्यटकांना घेऊन पाण्यात उतरतेय.

हॉइट मूळचे मलेट मासा धरणारे कोळी. सरकारने मासेमारीच्या जाळ्यांवर बंदी घातली तेव्हा गावातल्या कितीतरी कोळ्यांसारखे तेही पर्यटकांकडे वळले. पण त्यांची एक तऱ्हा होती. झऱ्याकडे जाणारी चिंचोळी वाट सुरू झाली की ते इंजिन बंद करून वर उचलून घ्यायचे आणि उरलेला अर्धा मैल लांब काठीने होडी रेटत न्यायचे. नियम एवढाच आहे की हळू जा. काठीबिठी कुणी सांगितलेली नाही. बाकीच्या होड्या आमच्या आधी पोहोचायच्या आणि ड्यूई नावाचा दुसरा होडीवाला त्याच्या होडीवरून ओरडायचा, "काय हो कॅप्टन, उन्हाळ्याच्या आत पोहोचताय ना?" हॉइट काठी रेटत राहायचे. मला मात्र चीड यायची, ड्यूईची आणि खरं सांगायचं तर त्यांचीही.

पाण्यात उतरण्याआधीचं भाषण माझ्याकडे असायचं. "हात पाठीमागे बांधा. पाठलाग करायचा नाही, पाय आपटायचे नाहीत. ती आपणहून जवळ येईल, हुंगेल, तरी हात लावायचा नाही. ओंडक्यासारखं नुसतं तरंगा." शिडी दिसली की मी वर आणखी जोडायचे, "हे वण बघितलेत? ज्याने हे केलं ना, त्याचे हात झडायला हवे होते." लोक हळहळायचे. हॉइट काठीवर रेलून म्हणायचे, "बरोबर बोलतेय पोरगी." अकरा वर्षं हे असंच चाललं.

शेवटच्या फेऱ्याच्या आदल्या दुपारी पर्यटक गेल्यावर आम्ही दोघं धक्क्यावर धुरी दिलेला मलेट खायला बसलो होतो. म्हणजे मी खात होते, ते काटे चिवडत होते.

"नाही आली तर नाही आली," मी म्हटलं. "म्हातारी झालीय ती. एका गाईपायी एवढं काय लावून घेताय?"

त्यांनी माशाचा कागद बाजूला सारला. "मर्ना, ते वण मी केलेत."

मला काही उमगेना.

"धुकं होतं. होडी मलेटने भरलेली, बाजार गाठायचा होता, मी सुसाट निघालो होतो. खालून दणका बसला. मागे वळून बघितलं तर पाणी लाल. थांबलो नाही गं. पुढच्या हिवाळ्यात दिसली, जिवंत. तेव्हापासून दर वर्षी वाट बघतो."

"मग माझ्या तोंडून एवढ्या शिव्या का खाल्ल्यात?"

"कुणीतरी द्यायला हव्या होत्या ना. मला स्वतःला बोलता येत नव्हतं. एकदा लोकांसमोर सांगायचंय, ती समोर असताना. ती नसताना सांगितलं तर ती नुसती गोष्ट होते."

मला रडू आलं, आणि रागही आला. त्यांचा निरोप न घेताच मी घरी गेले.

सकाळी थंडी इतकी कडक होती की पाण्यातून वाफा निघत होत्या. होडीत सहा पर्यटक होते. काठीने रेटत झऱ्यापाशी पोहोचलो आणि हॉइटचा हात थांबला. तळाशी, पांढऱ्या वाळूवर, शिडी पडून होती.

मी भाषण सुरू केलं. हात मागे बांधा, पाठलाग नाही. वणांपाशी आले आणि माझी जीभ अडखळली. हॉइटनी काठी खाली ठेवली, टोपी काढली.

"ते मी केलंय," ते म्हणाले. मग धुकं, दणका, लाल पाणी, न थांबणं, सगळं चार वाक्यांत सांगितलं.

बाजूच्या होडीवरून ड्यूईने ऐकलं असणार. तो मान खाली घालून दोर गुंडाळत राहिला. आमच्या होडीतल्या एक वयस्क बाई कडवटपणे म्हणाल्या, "आणि तुमच्या भरवशावर आम्ही पाण्यात उतरायचं होय?"

"नका उतरू, बाई," हॉइट म्हणाले. "पण तिला बघून जा."

मग ते स्वतः उतरले. कित्येक वर्षांत उतरले नव्हते. मी त्यांच्या बाजूला तरंगत राहिले. शिडी सावकाश वर आली, मिशाळ तोंड त्यांच्या पोहण्याच्या मुखवट्याला लावून हुंगत राहिली, मग कुशीवर वळली. चारही वण त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर होते. पाठीमागे त्यांनी बोटांत बोटं अडकवली होती, इतकी घट्ट की पेरं पांढरी पडली होती. त्यांनी हात सोडले नाहीत.

त्यांना वर ओढून घेतल्यावर मी म्हणून गेले, "माफ केलं तिने तुम्हाला, कॅप्टन."

"खुळी आहेस का?" ते भडकले. "मी कोण ते तिला माहीतच नाही. म्हणून तर आली जवळ."

आता होडी मी रेटते. भाषणात वणांपाशी पोहोचले की त्यांचं नाव घेऊन सांगते, त्यांनीच तसं बजावलंय. हात झडण्याचं मात्र बोलत नाही. ते हात मी पाण्यात बघितलेत.