वकिलीणबाईंचं पाणी

नळाच्या पाण्याला कोणी नावं ठेवली, की नळकाकांचा पारा चढायचा. चढणारच! शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं काढलेला माणूस. सगळं गाव आपल्या हातचं पाणी पितं हा त्यांचा अभिमान, आणि पाणी गढूळ आलं की फोन खणखणतो, पण चांगलं आलं म्हणून एकतीस वर्षांत एकदाही वाजला नाही, हे त्यांचं दुखणं. त्यावर बायको विचारायची, तुम्ही तरी माझ्या चहाला कधी चांगला म्हणालात? मग काका वर्तमानपत्रात डोकं घालायचे.

बायकोच्या किडन्यांनी दगा दिला त्याला तीन वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस: यंत्र रक्त बाहेर घेतं, धुतं आणि परत अंगात सोडतं. प्यायला पाणी मोजून, दिवसाला तीन पेले. घसा कोरडा पडला की काकू खुर्ची ओढून खिडकीजवळच्या काचेच्या टाकीसमोर बसायच्या. टाकी खाऱ्या पाण्याची, आणि तिच्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. दोघांचं दिवसभर काही ना काही बिनसलेलं, म्हणून नराचं नाव वकील आणि मादी वकिलीणबाई. काकू म्हणायच्या, प्यायला नाही तर नाही, बघायला तर कोणी मोजून देत नाही ना!

टाकीचं पाणी हे अर्थातच काकांचं खातं. दर रविवारी थोडं जुनं काढायचं, तितकंच नवं घालायचं. नळाचं पाणी नको, शुद्ध केलेलंच वापरा, असं दुकानदारानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. काकांनी उलट त्याचीच शाळा घेतली. नळाचं पाणी बादलीत दोन दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातं, मग त्यात समुद्री मीठ कालवायचं. त्यात आणखी काय डोंबल शुद्ध करायचंय? आणि अडीच वर्षं सगळं सुरळीत चाललंही.

मग मासे हळूहळू मलूल व्हायला लागले, आणि एका सोमवारी वकील गेला. वकिलीणबाई वर येऊन धापा टाकायला लागल्या. काकांनी घाबरून आणखी पाणी बदललं, तशा त्या आणखीच गळाल्या. बाटलीबंद पाणी आणलं, तर लेबलावर मुद्दाम घातलेल्या क्षारांची यादी. गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणायला निघाले, तेव्हा काकू म्हणाल्या, अहो, ती मोटार नाहीये. पण हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला निघताना चप्पलच घालेनात.

"वकिलीणबाई गेली ना, की मला नका नेऊ तिकडे. पुरे झालं आता."

काकांनी कशीबशी समजूत घालून काकूंना नेलं, आणि त्या गडबडीत पोचले तेही वेळेच्या बरंच आधी. यंत्रांना लागणारं पाणी जिथे शुद्ध करतात, त्या पाण्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आत तंत्रज्ञ बाई, वयानं काकांच्या लेकीहून लहान, एका नळीत पाणी घेऊन त्यात गोळी विरघळवत होती आणि रंग येतो का ते निरखत होती. काकांच्या जन्माच्या ओळखीचं काम ते. राहवलं नाही, क्लोरीन बघताय का, म्हणून त्यांनी विचारलं.

क्लोरामाइन, ती म्हणाली. सहा महिन्यांपूर्वी जलशुद्धीकरण केंद्राचं पत्र आलं होतं: पाणी शेवटच्या नळापर्यंत निर्धोक राहावं म्हणून क्लोरीनच्या जोडीला आता अमोनिया घालतात. हा काकांच्या निवृत्तीनंतरचा कारभार.

"पण दोन दिवस उघडं ठेवलं की उडतंच ना ते?"

"नाही काका, हे आठवडा ठेवलं तरी हटत नाही. पिणाऱ्याला त्रास नाही, पोट निभावून नेतं. इथे पाणी रक्ताशेजारून वाहतं. म्हणून आधी कोळशाच्या दोन टाक्या, मग आरओ, आणि प्रत्येक पाळीआधी ही तपासणी. रंग आला, तर एकही मशीन सुरू करायचं नाही."

माशांचं कसं, हे काकांनी चाचरत विचारलं. कल्ल्यांतही तसंच असणार, म्हणाली ती. रक्त आणि पाणी अगदी लगत.

काका तिथल्या स्टुलावर बसले. म्हणजे रविवारमागून रविवार आपणच विष पाजत होतो, तेही मोठ्या तोऱ्यात! आणि मग त्यांना बाहेरचं बाकडं आठवलं. तीन वर्षं तिथे बसून, मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं उशीर झाला की घड्याळ दाखवणारे हेच. ती दहा मिनिटं या नळीची होती.

त्याच संध्याकाळी ते दुकानदाराकडे गेले. त्याचं ऐकून घेतलं, चार टोमण्यांसकट, आणि कोळसा, आरओ असं सगळं असलेलं गाळणयंत्र घेऊन आले. गाळलेलं थोडं पाणी नळीत घेऊन दुकानातूनच आणलेली तपासणीची गोळी टाकून पाहिली. रंग आला नाही. मग बाकीच्या गाळलेल्या पाण्यात मीठ कालवून रोज थोडं थोडं पाणी बदललं. नवव्या दिवशी काकूंनी काचेला बोट लावलं, तर वकिलीणबाई तरातरा येऊन त्या बोटावर धावून गेल्या.

"भांडतेय मेली," काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "माझ्या चपला कुठे आहेत? उशीर होईल आपल्याला."

त्या दिवशी काका बाकड्यावर न बसता पाण्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. नळीतलं पाणी स्वच्छ, बिनरंगी होतं.

"ताई, पाणी चांगलं आहे, हे सांगायला मला कधी कोणाचा फोन आला नाही," ते म्हणाले. "मी सांगायला आलोय. तीन वर्षं तुमचं पाणी चांगलं आहे. माझी बायको आहे, ती त्याच्यामुळे."

ती हसली, वहीत वेळ लिहिली, आणि मशीन सुरू करायला हरकत नाही, असं तिनं आत ओरडून सांगितलं.