सुटा धागा

बोलता बोलता मावशी तुमची बाही पकडायची आणि कैचीनं कच्! "धागा लोंबताना दिसला का हात ऱ्हात न्हाय माझा." अगं बाई, आधी विचार तरी!

धामणकर नाक्याजवळच्या लूम कारखान्यात आम्ही दोघी चेकिंगला. विणून आलेल्या कापडाचे सुटे धागे कापायचे, हेच काम. मावशी मूळची अंजूर गावची. माझ्या शेजारच्या खोलीत एकटीच राहायची.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या लेकीनं तिला एक वेल दिली. जाड पानांची, होया नावाची. म्हणाली, "आई, हिला मेणाच्या चांदण्यांसारखी फुलं येतात." मावशीनं कुंडी खिडकीत ठेवली, गजांना कारखान्यातलं सूत ताणून बांधलं आणि वेल त्यावर चढवली.

चार वर्षं झाली. पानं ढीगभर, फूल एक नाही. मी चिडवायची, "मावशी, आता पानांचीच भाजी कर." एकदा ती हसलीच नाही. "पोर फोनवर इचारते गं. काय सांगू? माझ्याच हाताला गुण न्हाय."

मग दिवाळीला लेक आली. आम्ही तिघी चहा घेत होतो. वेलीतून एक लांब, बिनपानांचा, दोऱ्यासारखा कोंब बाहेर आला होता. मावशीनं बोलता बोलता कच्!

लेक ओरडली, "आई, काय केलंस! त्यालाच तर पुढे फुलं येतात!"

म्हणजे चार वर्षं बाई आपल्या हातानं फुलंच छाटत होती! मी खो-खो हसले. मग मावशीचे डोळे भरलेले दिसले आणि मला माझीच लाज वाटली.

त्याच संध्याकाळी ती कैची घेऊन माझ्या दारात. "ही तुझ्याकडं ठेव. कामावर दे, सुट्टी झाली का काढून घे. माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

दोन वर्षं हा नेम चालला. मग लेकीला दिवस गेले आणि मावशी काम सोडून तिच्याकडे नाशिकला गेली. कुंडी आणि कैची माझ्याकडे राहिली.

गेल्या आठवड्यात वेल फुलली. गुलाबी चांदण्यांचा गच्च झुपका! मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. मांडीवर नातू घेऊन मावशी कितीतरी वेळ नुसती बघत बसली. "आली गं माझी फुलं," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग फोन जवळ धरून म्हणते, "तुझ्या बाहीचा धागा लोंबतोय बघ. काप तो."

कैची समोरच होती. पण नाही कापला. मावशी येईल, तीच कापेल.