बिनकुलपाचं कपाट

भाऊराव काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत, त्यांच्याच कपाटापुढे उभी होते. फोन त्यांच्या सुनेचा. "ताई, बाबा गेले..." एवढंच बोलून ती रडू लागली. मी कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली. रडायला नंतर वेळ होता.

काका माझ्या बाबांचे मित्र, दोघेही भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर. काकू लग्नानंतर प्लांटजवळच्या मरोदा वस्तीतल्या घरात काकांकडूनच वाचायला शिकल्या आणि मग असं वाचायच्या की भाजी करपली तरी भान नसे. त्या गेल्या तेव्हा पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आम्हा बौद्धांच्या श्रद्धांजलीच्या दिवसासाठी काकांनी सगळ्यांना निरोप धाडला, हार नको, पुस्तक आणा. दुर्ग-भिलाईच्या आपल्या लोकांनी, नागपूरच्या पाहुण्यांनी आणलेली पुस्तकं त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर लादून आमच्या नव्या कॉलेजला दिली. मी तेव्हा तिथे शिकत होते आणि लायब्ररी म्हणजे नुसते रिकामे रॅक होते. कॉलेजनं काचेचं कपाट आणलं, काकूंच्या नावाची पाटी लावली आणि भलं थोरलं कुलूप ठोकलं.

काका शिफ्ट सुटल्यावर सेफ्टी शूजसकट आले. ग्रंथपाल घाबरून म्हणाले, "बाबूजी, किताबें चोरी हो जाएँगी."

"तो होने दो! जो चुराएगा, वो पढ़ेगा तो सही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, आपल्या आज्याले लोकायनं शाळेच्या दाराबाहेर बसवलं. आता आपनच पुस्तकाले आत कोंडावं काय?"

कुलूप उघडायला लावलं आणि सरळ खिशात घातलं! ते मागायला शिपाई घरी गेला, तर काकांनी त्याला चहा पाजला, दाराजवळ खिळ्याला टांगलेलं कुलूप दाखवलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. पुस्तकं चोरीला गेली का? गेली की. काही परत आली, हळदीचे डाग घेऊन. काका खूश व्हायचे. "पाह्य बरं, सैपाकघरात वाचलं कोनीतरी. तुही काकू अशीच वाचे."

आता मी त्याच कॉलेजात शिकवते, कंत्राटावर. दरवर्षीची मुदतवाढ प्राचार्यांच्या सहीनं मिळते. शोकसभेत त्याच प्राचार्यांनी जाहीर केलं की हा ठेवा यापुढे जपला जाईल... काकांचा फोटो, फोटोला हार आणि कपाटाला नवं कुलूप. मी उठून नको म्हटलं. ते हसून म्हणाले, "मैडम, सम्मान की बात है." कसला सन्मान? माणूस जन्मभर ज्याच्याशी भांडला, तेच मेल्यावर त्याच्या नावानं लावायचं? मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. उतरूही नये.

दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप होतं. ग्रंथपालांकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं, किल्ली परत दिली आणि कुलूप पर्समध्ये टाकून मरोदा गाठलं. सुनेनं चहा ठेवला. हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या नोकरीचं काय होईन?"

"पाहू."

काकांच्या दाराजवळच्या त्या खिळ्यावर आता दोन कुलपं आहेत. खिळा मजबूत आहे. अजून मावतील.