देवरे सरांची दोन कार्डं

बालीला निघायच्या महिनाभर आधीपासून देवरे सर रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर आपली बँकेची तीन कार्डं मांडून बसत. रनाळ्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. मी शेजारच्या वर्गात गणित. फळ्यावर रंगीत खडूने पोरांना प्रवाळाची बेटं काढून दाखवणाऱ्या या माणसाने समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर ते आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई, मी आणि माझी बायको, असे चौघे निघणार होतो.

सुरतच्या प्रवास कंपनीने कार्ड जवळ असू द्या, एवढंच सांगितलं होतं. सरांना ते पुरेना. नंदुरबारला बँकेत जाऊन त्यांनी एकेका कार्डाची उलटतपासणी केली. पेन्शनच्या कार्डावर परदेशात दरवेळी जादा आकार पडायचा, म्हणून ते अडीअडचणीला. मुलाने काढून दिलेल्या क्रेडिट कार्डावर तो नव्हता, म्हणून ते रोजच्या खर्चाला. तिसरं परदेशात चालतच नव्हतं. ते कपाटात राहिलं. "एकच कार्ड लई जावानं नही, आनी दोन एक जागे ठेवानं नही," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की माझ्या बायकोलाही पाठ झालं. क्रेडिट कार्ड त्यांच्या खिशात, पेन्शनचं सुमनबाईंच्या पिशवीत, असं ठरलं. मी हसलो आणि एकच कार्ड घेऊन विमानात बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायला जायचं होतं. धक्क्यावर माझं कार्ड दोनदा नाकारलं गेलं. परदेशातला वापर चालू करायचंच मी विसरलो होतो, आणि बँकेचा संदेश ज्यावर येतो ते सिमकार्ड तिथे बंद होतं. सरांनी आपलं कार्ड पुढे केलं. त्यांची दोन तिकिटं निघाली आणि तेही थांबलं. चोरीच्या भीतीने रोजच्या खर्चाची मर्यादा त्यांनीच अगदी कमी ठेवली होती. होडीवाला दोर सोडू लागला. तुम्ही दोघं जा, आम्ही इथे बसतो, असं मी म्हणालो.

सरांनी होडीत टाकलेला पाय मागे घेतला. "तू नही त मी बी नही."

सुमनबाईंनी पिशवीतून पेन्शनचं कार्ड काढलं. त्यावर जादा आकार पडेल, अशी मी ओशाळून आठवण करून दिली. "येन्हाकरताच तर आनेल शे," त्या म्हणाल्या. यंत्राने रुपयांत घेऊ की तिथल्या चलनात, असं विचारलं, तेव्हा एवढ्या घाईतही सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून तिथल्या चलनाचं बटण दाबायला लावलं. रुपयांत महाग पडतं, हेही ते बँकेतून विचारून आले होते.

सरांना जाऊन आता दीड वर्ष झालं. मला ते दिसतात ते त्या होडीत. काचेखालून जांभळी, पिवळी, शिंगांसारखी फुटलेली प्रवाळं सरकत होती आणि सर गुडघ्यांवर ओणवे होऊन बघत होते. पाण्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर हलत होता. मग सुमनबाईंचा हात धरून हळूच म्हणाले,

"मी पोऱ्यासले खोटं नही सांगं."