सगळ्या गावाला माझं नाव

रशीद गेल्याचा निरोप मिळाला तेव्हा मी डिंभ्याला घोडेगावच्या एसटीची वाट बघत उभा होतो. त्याच्याकडेच निघालो होतो, शुक्रवार होता. त्या दिवशी त्याला एक गोष्ट सांगून टाकायची असं ठरवलं होतं... खरं तर दोन वर्षं मी दर शुक्रवारी तेच ठरवत होतो.

रशीदचा घोडेगावात फोटो स्टुडिओ. धरणाचं पाणी आमच्या गावावर चढायला लागलं तेव्हा हा पठ्ठ्या कुणी न बोलावता कॅमेरा घेऊन आला आणि घरोघर फिरला. प्रत्येक घराचा, उंबऱ्यात माणसं उभी करून, एक फोटो. मी गाव सोडणार नाही म्हणून हटून वांग्याच्या मळ्यात बसलो, फोटोला गेलो नाही. आमच्या घरापुढं धाकटा भाऊ शंकर उभा राहिला.

पुढं गाव पांगलं. कोणी जुन्नरकडं, कोणी आळ्याला. दहा-बारा वर्षांनी रशीदनं जुना कॉम्प्युटर आणला, निगेटिव्हवरून दोनशे बारा फोटो त्यात घातले आणि वणवण करून, विचारून विचारून एकेका फोटोला माणसांची नावं दिली. घरटी एक सीडी द्यायची, एवढंच वेड. मी शेजारी स्टुलावर बसायचो. मी चौथी शिकलेला, पण माऊस धरायला आणि इंग्रजी अक्षरांत स्वतःचं नाव लिहायला त्यानं मला शिकवलं. ते मी एसटीतल्या अनोळखी माणसालाही ऐकवायचो.

आमच्या घराच्या फोटोला मात्र शंकरचं नाव. ते मला खुपायचं. "थोरला मी हाय. घर माज्या नावानं वळखत्यात," मी म्हणालो.

रशीद हसला. "फोटोत तू हायस कुठं, नामदेवराव? रुसून वांग्यात बसला व्हतास न्हवं?"

एका शुक्रवारी तो दुपारच्या नमाजाला गेला. सीडीवर घालायला म्हणून सगळे फोटो एकदम निवडून, निळे करून ठेवले होते. मला त्यातलं काय ठाऊक! मी शंकरचं नाव काढलं, माझं टाइप केलं, एंटर दाबलं... आणि दोनशे बारा फोटोंना माझं नाव लागलं. नामदेव एक, नामदेव दोन, खालपर्यंत नुसता नामदेव. मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. केलेलं मागं फिरवायची कळ असते, हे मला फार उशिरा कळलं.

"नामा, हात लावला व्हतास का?" आल्यावर त्यानं विचारलं.

"मी? मला काय कळतंय त्यातलं? अडाणी माणूस."

एसटीत फुशारकी मारणारा मी त्या शब्दामागं दडलो. रशीदनं डोळे चोळले. मोतीबिंदू धरला होता. "मंग माजंच बोट चुकलं असंल," म्हणाला.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी चेहरे ओळखायचो, तो एकेक नाव पुन्हा टाइप करायचा. "नामदेव एकशेचार कोण रं?" "ठकूआत्या." "नामदेव म्हनलेलं कळलं तर काठी घिऊन यील की!" मी हसायचो आणि ओठावर आलेलं परत गिळायचो. दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन शिव्या देऊन त्यानं चहा मागवला असता. पण जितके शुक्रवार गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. नव्या सुना, तान्ही लेकरं मला ओळखू येत नव्हती, आणि ज्यांना विचारायचं ती जुनी माणसं एकेक करून गेली. रशीद स्वतःवरच चिडायचा, "धरणानं एकदा बुडवलं गाव, दुसऱ्यांदा ह्या हातानं." मी स्टुलावर बसून ऐकायचो.

चाळीस दिवस झाल्यावर त्याच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, मला दुकानात बोलावलं आणि कॉम्प्युटर चालू करून दिला. सदतीस फोटो अजून माझ्या नावाचे. उंबऱ्यात पदर सावरून उभ्या बायका, कडेवर पोरं, आणि खाली नामदेव. भाभी म्हणाल्या, "भाऊ, एवढ्या फोटूंना तुमचंच नाव दिलं ह्यांनी. लई जीव व्हता बघा तुमच्यावर."

मी मान हलवली.

भाभींना रविवारची पुरवणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. तोंडानं झालं नाही म्हणून हे लिहून पुरवणीला पाठवलं. भाभी, ते बोट त्याचं नव्हतं, माझं होतं. येत्या शुक्रवारी मी येतो. दुकान उघडं असलं तर आत येईन. नसलं तर पुढच्या एसटीनं माघारी.